जुलै सोडा, जुना हमरस्ता धरा

प्रश्न पुण्याच्या एका जोडप्याचा आहे. दोघंही पन्नाशीच्या जवळ, पुणे-गोवा दोनदा सायकलवर झालेलं, सामान स्वतः वाहायची सवय आहे. जुलैत मुलाकडे जर्मनीला जायचं आहे, तिथूनच पंधरा दिवस स्पेनच्या शेतीभातीच्या भागातून, लहान गावांमधून फिरायचं मनात आहे. बार्सिलोनापासून किनाऱ्याने खाली उतरावं आणि रोज ऐंशी-नव्वद किलोमीटर मारावेत, असा बेत आहे. दोघंही शाकाहारी. हे जमेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

जमेल. पण महिना, मार्ग आणि रोजचं अंतर या तिन्ही गोष्टी मी बदलायला सांगणार आहे. सायकली तेवढ्या त्याच ठेवा.

आधी महिना. जुलै-ऑगस्टमध्ये स्पेनच्या दक्षिणेत आणि मध्यभागात पारा सहज चाळिशीपार जातो. तुम्ही म्हणाल, विदर्भात काय कमी असतं? नसतं, पण विदर्भात मे महिन्यात दुपारी दोन वाजता आपण सामान लादलेली सायकल घेऊन बाहेर पडत नाही. माझी पहिली सफर जूनअखेरची होती. नैर्ऋत्य स्पेनमधल्या एक्स्त्रेमादुराच्या एका सरळ रस्त्यावर दुपारी बाटलीतलं पाणी इतकं तापलं की चहापत्ती टाकली असती तर रंग उतरला असता. सावली म्हणाल तर रस्त्याखालून जाणाऱ्या मोरीची. त्या मोरीत मी दीड तास बसून काढला. मधल्या पठारावरच्या कास्तियाचे लोक आपल्या हवेबद्दल म्हणतात, नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक. त्या नऊ आणि तीनच्या सांध्यावर जायचं, म्हणजे एप्रिलच्या शेवटापासून मेअखेरपर्यंत, किंवा मध्य सप्टेंबर ते मध्य ऑक्टोबर. पहिल्यांदाच जात असाल तर मे. गहू आणि बार्ली हिरवी असते, बांधाबांधाला लाल पॉपी फुललेली असते आणि रात्री नऊ वाजून गेले तरी उजेड असतो. ऑक्टोबरमध्ये उलटं होतं: घड्याळ मध्य युरोपचं आणि देश पार पश्चिमेला, त्यामुळे सकाळी आठ वाजताही नीट उजाडलेलं नसतं.

मुलाकडे जाणं जुलैतच अडलं असेल तर उत्तरेला गालिसिया-आस्तुरियासकडे जा. तिकडे हवा थंड, पण चढ-उतार आणि पाऊस. ती सफर वेगळी, तिच्यात शिरत नाही.

आता किनारा. बार्सिलोनाच्या खाली भूमध्य किनाऱ्यावर बरीच हॉटेलं, वसाहती आणि मोटारी आहेत. तुम्हाला हवा असलेला स्पेन आत आहे, आणि तो सायकलस्वाराला इतका सोयीचा का आहे याचं कारण रस्त्यांच्या इतिहासात आहे. गेल्या काही दशकांत तिथे मोठ्या राष्ट्रीय रस्त्यांना समांतर मोफत द्रुतगती मार्ग बांधले गेले. वाहतूक तिकडे गेली आणि जुना रस्ता डांबरासकट, पुलांसकट, दर आठ-दहा कोसांवरच्या गावांसकट मोकळा राहिला. आपल्याकडे एक्स्प्रेसवे झाल्यावरही जुना मुंबई-पुणे रस्ता काही रिकामा झाला नाही. तिकडे झाला. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण एन-630. उत्तरेच्या समुद्रावरच्या खिखोनपासून दक्षिणेच्या सेव्हियापर्यंत सुमारे आठशे किलोमीटर, आणि शेजारून नवा ए-66. जुन्या रस्त्यावर कित्येक ठिकाणी तासाला चार-पाच गाड्या मी मोजल्या आहेत, त्यातही एखादा ट्रॅक्टर.

हाच व्हिया दे ला प्लाता, शब्दशः ‘चांदीची वाट’. चांदीशी मात्र याचा संबंध नाही. अभ्यासक बहुधा अरबी ‘बलात’कडे, म्हणजे फरसबंदी रस्त्याकडे बोट दाखवतात. मूळ रस्ता रोमनांचा. त्याच पट्ट्यातून सांतियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राला चालत जाणाऱ्या यात्रेकरूंची वाटही जाते, पिवळे बाण रंगवलेली. माझा नियम असा: जमीन कोरडी असेल तर बाणांची मातीची वाट, ओली असेल तर डांबर. दोन्ही एकमेकांना सतत भेटत राहतात, त्यामुळे सकाळी ठरवलेलं दुपारी बदलता येतं.

तुमच्यासाठी मी सेव्हिया ते सामोरा या रस्त्याने, मग पूर्वेला वळून कास्तियाच्या जुन्या कालव्याच्या काठाने फ्रोमिस्ता या गावापर्यंत असं सुचवेन. साधारण सातशे किलोमीटर. पंधरा दिवसांत एक पूर्ण आराम धरून रोजचे पन्नास पडतात. नव्वद नकोत. का, ते पुढे सांगतो.

सेव्हियाहून निघताना शहराबाहेर पडेपर्यंतच गर्दी. सान्तिपोन्सेला इतालिकाचे रोमन अवशेष आहेत, तिथे तासभर थांबा आणि मग चढायला लागा. पहिले दोन दिवस एल रोन्कियो, मोनेस्तेरियो असे चढच आहेत. घाट आपल्या वरंध्यासारखे उभे नाहीत, पण संपतही नाहीत. इथून देएसा सुरू होते. देएसा म्हणजे जंगलही नाही आणि शेतही नाही. विरळ लावल्यासारखे सदाहरित ओक आणि बुचाचे ओक, खाली गवत, गवतात गुरं, मेंढ्या आणि काळी डुकरं. ऑक्टोबरनंतर ओकाची फळं गळतात आणि डुकरं त्यांच्यावर पोसली जातात, त्यांच्या मांसाला सोन्याचा भाव. बुचाच्या झाडांची साल दर नऊ-दहा वर्षांनी काढतात. सोललेलं खोड आधी विटकरी लाल दिसतं, मग काळवंडत जातं. मातीच्या वाटेने गेलात तर दर थोड्या अंतरावर फाटक लागेल. उघडलंत तर बंद करा, बंदच असेल तर बंदच ठेवा. गुरं मोकळी असतात. ‘कोतो प्रिवादो दे कासा’ अशी पाटी जागोजाग दिसेल, तिने दचकू नका. ती शिकारीच्या हक्काची पाटी आहे, सार्वजनिक वाट बंद असल्याची नाही. फक्त ऑक्टोबर ते फेब्रुवारीत शनिवार-रविवारी शिकारी हाका करतात, तेव्हा डांबर सोडू नका.

साफ्रा ओलांडलं की सपाट प्रदेश लागतो, द्राक्षं आणि ऑलिव्ह. या भागाचं नाव तिएर्रा दे बारोस, म्हणजे चिखलाचा प्रदेश. नाव गमतीने ठेवलेलं नाही. काळ्या रानात पावसानंतर चाक घातलंय का कधी? तेच. दहा फेऱ्यांत चाक आणि मडगार्ड यांच्यात गोळा बसतो, सायकल ढकलूनही हलत नाही आणि काटकीने कोरत बसावं लागतं. मी एकदा ‘एवढंसं तर आहे’ म्हणत अल्मेन्द्रालेखोच्या अलीकडे चार किलोमीटरला पावणेतीन तास घेतले. आभाळ भरून आलं की सरळ एन-630 धरा.

मेरिदाला आरामाचा दिवस ठेवा. इ.स.पू. 25 मध्ये निवृत्त रोमन सैनिकांसाठी वसवलेलं गाव. ग्वादियाना नदीवरचा लांबलचक रोमन पूल आता मोटारींना बंद आहे, गावात सायकल त्यावरूनच न्यावी. पडक्या जलवाहिनीच्या खांबांच्या डोक्यावर करकोच्यांनी घरटी केली आहेत. करकोचे पुढे सामोरापर्यंत सोबत असतात. गाव दिसायच्या आधी चर्चचा मनोरा दिसतो आणि मनोऱ्यावर घरटं. पुढचं कासेरेस जुनं, दगडी आणि देखणं. पण तिथून कान्यावेरालपर्यंतचा टप्पा लक्षात ठेवा. कासार दे कासेरेस सुटलं की जवळजवळ तीस किलोमीटर गाव नाही, सावली नाही, खाली ताखो नदीवरच्या अल्कान्ताराच्या धरणाचं पाणी पसरलेलं दिसतं आणि प्यायला थेंब नाही. माणशी तीन लिटर भरून सकाळी लवकर निघा. कासारमध्ये मेंढीच्या दुधाचं इतकं मऊ चीज मिळतं की वरची टोपी कापून चमच्याने खातात. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे ते जमवायला प्राण्याचं विरजण वापरत नाहीत, रानटी काट्यांच्या फुलांचं वापरतात.

प्लासेन्सियाहून पुढे एर्वासकडे जुन्या रेल्वेच्या गादीवरून सायकलची वाट आहे. ही गाडी 1985च्या सुरुवातीला बंद झाली. स्पेनमध्ये अशा बंद पडलेल्या रेल्वेमार्गांना ‘व्हिया व्हेर्दे’, हिरवी वाट, म्हणतात. 1993पासून ते पद्धतशीरपणे सायकलींसाठी तयार केले जात आहेत. रेल्वेला चढ चालत नाही, त्यामुळे तुमच्या गुडघ्यांनाही चालतं. दक्षिणेत ओल्बेरा ते पुएर्तो सेर्रानो ही अशीच छत्तीस किलोमीटरची वाट आहे, तीस बोगद्यांची, आणि तिच्यावर आजवर रेल्वे एकदाही धावलेली नाही. काम अर्धवट राहिलं. तिच्यावर फार जण खूश असतात. मीही आहे, पण पंधरा दिवसांच्या सफरीत ती वाट वाकडी करून घालावी असं मला वाटत नाही.

बान्योस दे मोन्तेमायोर ते बेखार हा या सफरीतला खरा घाट. बान्योसला रोमन काळापासूनची गरम पाण्याची स्नानगृहं आहेत, आदल्या रात्री तिथेच मुक्काम करावा. वर पोचलात की देश बदलतो. इथून पुढे मेसेता, सात-आठशे मीटर उंचीचं पठार, झाडं जवळपास नाहीत, नजर जाईल तिथवर धान्य. सालामान्का पाहण्यासारखं आहेच, त्याच्यावर सगळे लिहितात. सामोरा मात्र लोक ओलांडून जातात. नकाशावर झेडने सुरू होणारं हे नाव आपण सामोरा लिहितो, तिथले लोक ‘थामोरा’ म्हणतात. वाट विचारताना तसंच म्हणा, लगेच कळतं.

सामोराहून दुएरो नदीकाठाने तोरो आणि तिथून उरुएन्या. तटबंदीतलं दोनेकशे वस्तीचं गाव, त्यात पुस्तकांची दुकानंच दुकानं. 2007पासून ते अधिकृतपणे पुस्तकांचं गाव आहे. भिलारला गेला असाल तर तुलना आपोआप होईल. भिलारला पुस्तकं घराघरांत वाचायला ठेवली आहेत, उरुएन्यात ती विकायला आहेत, बरीचशी जुनी. तटावर चढा. खाली तिएर्रा दे कॅम्पोस, म्हणजे ‘शेतांचा प्रदेश’, पसरलेला दिसतो. संध्याकाळी तिथे फक्त वारा असतो.

मेदिना दे रिओसेकोला कालवा भेटतो आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण हा माझा लाडका भाग. कास्तियाचा कालवा 1753 ते 1849 असा जवळजवळ शतकभर खणला गेला. एकूण 207 किलोमीटर, उलट्या वाय अक्षरासारखा, एकोणपन्नास लॉक, म्हणजे नावा पायरीपायरीने चढवणारे-उतरवणारे दरवाजे. पठारावर गहू उदंड आणि तो बंदरापर्यंत नेणार कसा, या प्रश्नाचं ते उत्तर होतं. सान्तान्देरच्या समुद्रापर्यंत नेण्याचा बेत होता, मधल्या डोंगरांनी तो होऊ दिला नाही. आणि खणून होतंय तोवर रेल्वे आली. आता तो पाटाचं पाणी देतो आणि आपल्याला रस्ता. खेचरं नावा ओढत ज्या काठावरून चालायची, तीच ही सायकलवाट. चढ नाही, मोटार नाही, बाजूला उंच पॉप्लरच्या रांगा, त्यांची सळसळ दिवसभर कानात. मधूनच लॉकवाल्याचं ओसाड घर, शेतात गोल किंवा चौकोनी मातीचे कबूतरखाने, अर्धे ढासळलेले. गावांतली जुनी घरंही मातीच्या कच्च्या विटांची. पावसानंतर मात्र इथेही चिखलाची तीच गत, तेव्हा जवळचा डांबरी रस्ता. दोन दिवस निवांत धरा. फ्रोमिस्ताला चार लॉक एकाखाली एक आहेत आणि तिथेच कालवा सांतियागोच्या मुख्य वाटेला मिळतो. दोन आठवडे दिवसाला चार माणसं भेटली असतील, तिथे एकदम पाठपिशव्यांची रांग दिसते. थोडं चमत्कारिक वाटतं.

आता अंतर कमी का, ते सांगतो. स्पेनच्या गावाचं घड्याळ तुमच्या पायांपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. दुकानं दुपारी दोनच्या सुमारास बंद होतात आणि पाच-साडेपाचशिवाय उघडत नाहीत. पोटभर जेवण, ‘मेनू देल दिया’, दोन ते चार. रात्रीचं जेवण नऊच्या आत मागितलंत तर स्वयंपाकघर बंद आहे असं उत्तर मिळेल. रविवारी दुकानं बंद. गावात एकच बार असेल तर आठवड्यातून एक दिवस तोही बंद, बहुधा सोमवारी. नव्वद किलोमीटर धरलेत तर तुम्ही नेमके तीन वाजता, उपाशी, कुलपांच्या गावात पोचता. म्हणून साडेसातला निघा. दहा-साडेदहाला बारमध्ये दुसरी न्याहारी, दोनच्या आत मुक्काम, मग जेवण, झोप. सहानंतर गावात बाहेर पडा. तेव्हा सगळं गाव रस्त्यावर असतं, म्हातारी माणसं बाकांवर ओळीने बसलेली.

एकदा तिएर्रा दे कॅम्पोसमध्ये मी रविवार आणि सोमवार असे लागोपाठ पकडले. खजूर आणि बिस्किटांवर रात्र काढली. सकाळी नऊला हॉर्न वाजला. पाववाल्याची गाडी! दुकान नसलेल्या गावांत पाव, भाजी, मासे असेच हॉर्न वाजवत येतात. सपाता घातलेल्या आज्या दारांतून बाहेर आल्या, मीही रांगेत. एकीने माझ्याकडे, मग सायकलकडे पाहिलं आणि घरात जाऊन दोन टोमॅटो आणून दिले. तेव्हापासून एका वेळचं खाणं पिशवीत असल्याशिवाय मी तिथलं गाव सोडत नाही.

शाकाहाराचं खरं सांगतो: उपाशी राहणार नाही, कंटाळाल मात्र. सकाळी टोमॅटोचा किस आणि ऑलिव्ह तेल लावलेला भाजका पाव, तो दक्षिणेत अप्रतिम मिळतो. अंडं चालत असेल तर बटाट्याचं जाड ऑम्लेट, तोर्तिया, कुठेही. डाळी-कडधान्यं खूप, सामोराजवळच्या फुएन्तेसाउकोचे छोले प्रसिद्ध आहेत, पण हॉटेलातल्या पातेल्यात डुकराच्या मांसाचा तुकडा बहुधा असतोच. ‘मांस नको’ म्हटलंत तर सॅलडवर टुना टाकून आणतील आणि हॅमला बरेच जण मांसात धरत नाहीत. म्हणून तिन्ही नावं घ्या: ‘नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन’. आठवड्यातून दोनदा तरी स्वयंपाकघर असलेली खोली घ्या आणि स्वतः मसूर शिजवा. ला व्हेराचं धुरी दिलेलं तिखट प्लासेन्सियात घ्या. तिखट म्हणायला फार तिखट नाही, पण आमटीला वास सुंदर येतो.

बाकी भराभर. टायर चाळीस मिलिमीटरच्या आसपास, ट्यूबलेस आणि आत सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारा द्रव. कारण तिथल्या शेतवाटांवर आपलाच सराटा पसरलेला असतो, अगदी तोच गोखरूचा काटा. गावातल्या कारंज्याचं पाणी बहुतेक पिण्यायोग्य असतं; ‘नो पोताब्ले’ लिहिलं असेल तर नाही. मेंढ्यांच्या कळपासोबत प्रचंड मास्तीन कुत्री असतात. पळू नका, उतरा, सायकल मध्ये धरा आणि कळपाला वळसा घालून सावकाश चालत जा. धनगर जवळच असतो. रस्त्यावर हेल्मेट गावाबाहेर सक्तीचं आहे, रात्री दिवे आणि परावर्तक जॅकेटही. ओव्हरटेक करणाऱ्या मोटारीने किमान दीड मीटर अंतर सोडायचं असतं आणि ते पुष्कळ जण पाळतात. दोघं शेजारी-शेजारी चालवलेलं कायद्याला चालतं. अडचणीला 112.

मुक्कामासाठी ‘ओस्ताल’ ही साधी खोली, दोघांना साधारण 40 ते 60 युरो. यात्रेकरूंची धर्मशाळा म्हणजे आल्बेर्गे, स्वस्त, पण तिथे चालत येणाऱ्यांना आधी जागा मिळते आणि सायकलवाल्यांना उरली तर. तुमच्या वयाला आणि घोरण्याला ओस्ताल बरं, असा माझा अनुभव. उघड्यावर तंबू ठोकायला बहुतेक ठिकाणी परवानगी नाही. खोली घेताना पासपोर्ट मागतात, तो वरच्या कप्प्यात ठेवा. शेंगेन व्हिसाला किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. घेताना त्यात सायकलिंग धरलं आहे का, ते वाचून घ्या.

परतीसाठी फ्रोमिस्ताहून पालेन्सिया किंवा व्हायादोलिदला मध्यम पल्ल्याची गाडी घ्या. त्यांत सायकलींच्या जागा मोजक्याच असतात, तिकिटासोबतच सायकलीची जागा घ्या. जलद गाड्यांत सायकल सुटी करून पिशवीत घालावी लागते. सायकलीच्या दुकानात रिकामा खोका मागितला तर बहुधा देतात, फक्त आदल्या दिवशी सांगा. आणि सोमवारी जाऊ नका.